कोरड्या मातीतलं एन्झाइम मोजायला पाणी घालावंच लागतं

प्रबंधाचा विषय मिळाला तेव्हा सोपा वाटला होता. माती वाळवायची, पुन्हा भिजवायची, आणि मधल्या काळात तिच्यातल्या एन्झाइमांची सक्रियता ठरावीक वेळेला मोजत राहायचं. कोरड्या मातीवर पाणी पडलं की कार्बन डायऑक्साइडचा लोंढा बाहेर येतो आणि नायट्रोजनही मोकळा होतो, हे पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये इतक्या नेटकेपणानं मांडलं की त्याला पुढे 'बर्च परिणाम' असंच नाव पडलं. श्वसनाचा आलेख असा उसळत असेल तर एन्झाइमांचाही उसळणारच, असं कुणालाही वाटेल. सेंद्रिय पदार्थ फोडतात ते तेच. ते वाढल्याशिवाय एवढा वायू येईल कुठून?

कामाला लागल्यावर पहिला वाद झाला तो कंट्रोलवरून, म्हणजे तुलनेसाठी ठेवायच्या मातीवरून. माझ्या डोक्यात एकच कंट्रोल होता, जलधारण क्षमतेच्या (माती जास्तीत जास्त जेवढं पाणी धरते त्याच्या) साठ टक्के ओलाव्यावर कायम ठेवलेली माती. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "अगं, चक्रातली माती बराच वेळ कोरडी असणार. म्हणजे तिचा सरासरी ओलावा या कंट्रोलपेक्षा कमीच. उद्या फरक आला तर तो वाळण्या-भिजण्यामुळे आला की नुसत्या कमी पाण्यामुळे, हे कशावरून सांगशील?" मग बरण्यांचे चार गट झाले: कायम ओली, कायम सरासरी ओलाव्यावरची, एकदा वाळवून तशीच ठेवलेली, आणि वाळवून-भिजवून चक्रात फिरवलेली. एन्झाइमांसाठी माती काढली की ती बरणी त्या कामापुरती संपली, त्यामुळे प्रत्येक वेळेसाठी वेगळ्या बरण्या. माती दोन प्रकारची, एक भारी चिकण आणि एक हलकी वाळूसर. इन्क्युबेटरचे सगळे कप्पे माझ्याच नावावर गेले आणि बाकीच्यांची कुरबुर ऐकावी लागली.

माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळणं, जलधारण क्षमता काढणं, हे सगळं पुस्तकात असतं तसंच. फक्त चिकणमाती फनेलमध्ये फुगून बसते आणि वरचं पाणी उतरायचं नाव घेत नाही, तिला रात्रभर तरी द्यावी लागते. चाळणं हाही मातीला एक धक्काच असतो. ढेकळं फुटतात, आतलं खाद्य उघडं पडतं आणि श्वसन काही दिवस उगाच चढं राहतं. म्हणून चाळलेली माती आधी पंचवीस अंशांना आठवडाभर तरी शांत ठेवतात. हा आठवडा वाया चाललाय असं वाटून अनेक जण तो गाळतात. गाळू नये.

वाळवण्यासाठी ओव्हन वापरायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं गेलं. १०५ अंशांचा ओव्हन हा ओलावा काढण्यापुरता. त्यात गेलेल्या मातीत एन्झाइम शोधण्यात अर्थ नाही, उष्णतेनं प्रथिनाची घडीच मोडते. आम्ही ट्रेमध्ये पातळ थर पसरून पंख्याखाली माती वाळवली, आणि काही बरण्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणारं सिलिका जेल ठेवलेल्या बंद भांड्यात, हळूहळू वाळू दिल्या. दोन्हींचा शेवट सारखाच, वाट वेगळी. सावकाश वाळताना जिवाणूला तयारीला वेळ मिळतो. बाहेरचं पाणी ओढलं जायला लागलं की तो पेशीत प्रोलीन, ग्लायसीन बीटेन, ट्रेहॅलोज असले विद्राव्य रेणू साठवतो, म्हणजे आतलं पाणी आत टिकतं. झटकन वाळवलं तर तेवढी उसंत मिळत नाही.

'हवेत वाळलेली माती' हा शब्दप्रयोग आपण फार सहज वापरतो, पण ती किती कोरडी असते याचा हिशेब एकदा करून पाहावा. माती पाणी किती जोरानं धरून ठेवते त्याचं माप म्हणजे जलविभव. बहुतेक पिकं कायमची कोमेजतात ती साधारण उणे दीड मेगापास्कलला. खनिज मातीतलं सूक्ष्मजीवांचं श्वसन जवळजवळ थांबतं ते सरासरी उणे चौदाच्या आसपास. आणि सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्के असलेल्या खोलीतल्या हवेशी समतोलात आलेली माती? तिचं जलविभव उणे पंचाण्णवच्या घरात जातं. म्हणजे पंख्याखालच्या ट्रेमध्ये मी जो दुष्काळ घडवत होते, तो शेतात फक्त अगदी वरच्या थरालाच भोगावा लागतो. वीतभर खाली मुळांच्या भोवती एवढं कोरडं सहसा होत नाही. प्रयोगशाळेतल्या निष्कर्षांना शेताचं नाव देताना हा आकडा समोर असलेला बरा.

मोजायची एन्झाइमं तीन ठरवली होती. फॉस्फेटेज, जे सेंद्रिय रेणूंना जोडलेला फॉस्फरस तोडून मोकळा करतं, बीटा-ग्लुकोसायडेज, जे सेल्युलोजच्या विघटनात अगदी शेवटी ग्लुकोज सुटं करतं, आणि डिहायड्रोजनेज. पहिल्या दोघांची पद्धत म्हटली तर एकच. एक ग्रॅम माती, त्यात थोडं टोल्युइन, चार मिली बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), एक मिली सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्याला तोडतं तो पदार्थ. ३७ अंशांना एक तास. सबस्ट्रेट रंगहीन असतो, एन्झाइमनं तो तोडला की पॅरा-नायट्रोफिनॉल सुटतं आणि द्रावण अल्कधर्मी केल्यावर ते पिवळं दिसतं. टबाटाबाई आणि ब्रेम्नर यांनी १९६९ मध्ये फॉस्फेटेजसाठी बसवलेली ही रीत आजही जवळपास तशीच चालते. बफरचा पीएच मात्र नीट बघावा लागतो. आम्ल फॉस्फेटेजसाठी ६.५, अल्क फॉस्फेटेजसाठी ११. अल्क फॉस्फेटेज वनस्पतींची मुळं बनवत नाहीत, ते मुख्यतः सूक्ष्मजीवांचंच काम. त्यामुळे मला त्यात जास्त रस होता.

टोल्युइन कशाला, असं नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो. तासाभरात सूक्ष्मजीवांनी नवं एन्झाइम बनवू नये आणि सुटलेलं खाद्य गिळू नये, म्हणून. अर्थात टोल्युइननं पेशींचे पडदे सैल पडतात आणि आतलं एन्झाइमही थोडं बाहेर झिरपतं, तेव्हा ही पद्धत 'मातीतलं मोकळं एन्झाइम' तेवढंच मोजते असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. वास डोक्यात जातो ते वेगळंच. सगळं फ्यूम हूडमध्ये.

कोरड्या मातीची पहिली बॅच लावत होते तेव्हा मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. ट्यूबमध्ये कोरडी भुरभुरीत माती, वरून पिपेटनं बफर सोडतेय. त्या म्हणाल्या, "ही कोरडी माती ना?" हो म्हटलं. "मग आता ट्यूबमध्ये काय आहे?"

ग्यानबाची मेख इथे होती. शंभर ग्रॅम मातीची जलधारण क्षमता साठ मिली धरली आणि त्याच्या साठ टक्के ओलावा ठेवला, तर एका ग्रॅमला ०.३६ मिली पाणी येतं. तपासणीत आपण त्याच ग्रॅमला पाच मिली द्रव देतो, जवळजवळ चौदा पट. पंख्याखाली इतके दिवस वाळवलेली माती एका क्षणात चिखलाहून पातळ होते. वर हवा तेवढा सबस्ट्रेट, पीएच अगदी मनासारखा, तापमान ३७. या थाटात एन्झाइम जे काही करून दाखवेल ती त्याची क्षमता झाली. कोरड्या मातीत, खाद्याचा एकही रेणू त्याच्यापर्यंत पोचत नसताना, ते प्रत्यक्षात काय करत होतं याबद्दल ती ट्यूब काहीच बोलत नाही. मोजण्यासाठी पाणी घालावंच लागतं, आणि पाणी घातलं की जे मोजायचं तेच संपतं.

हे मला आधी ठाऊक नव्हतं असं नाही. 'पोटेन्शियल अॅक्टिव्हिटी' हा शब्द मी स्वतः आराखड्यात लिहिला होता. पण कोरडी भुकटी बफरमध्ये बसताना, तिच्यातून बुडबुडे वर येताना डोळ्यांनी पाहिल्यावर त्या शब्दाला वजन आलं. तेव्हापासून वहीत सक्रियतेच्या आकड्याशेजारी मी 'क्षमता' असंच लिहायला लागले.

पुढचा घोळ ब्लँकचा, म्हणजे वजा करायच्या कोऱ्या नमुन्याचा. पिवळा रंग मोजायचा तर मातीचा स्वतःचा रंग वजा करावा लागतो, आणि वाळलेली माती इथे चांगलीच नाडते. सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की ह्युमसचा (कुजून मातीत मुरलेल्या सेंद्रिय पदार्थाचा) तपकिरी अंश द्रावणात उतरतो. कॅल्शियम क्लोराइड घालतात ते त्याला आणि चिकणमातीच्या कणांना आवरायला, पण पूर्ण आवरत नाही. वाळून पुन्हा ओली झालेल्या मातीतून विद्राव्य सेंद्रिय कार्बन जास्त सुटतो. गाळलेल्या द्रावणात तो फरक नुसत्या डोळ्यांना दिसायचा. ओल्या मातीचा ब्लँक फिकट चहाच्या रंगाचा असेल तर कोरडीचा त्याहून गडद. दोन्हींसाठी एकच ब्लँक वापरला असता तर कोरड्या मातीत एन्झाइम वाढलं असा सुरेख निष्कर्ष हाती आला असता. तेव्हा प्रत्येक गटाचा, प्रत्येक वेळेचा वेगळा ब्लँक, ज्यात सबस्ट्रेट तासाभरानंतर, अभिक्रिया थांबवल्यावर घालायचा. काम दुप्पट होतं. बीटा-ग्लुकोसायडेजच्या वेळी तर सोडियम हायड्रॉक्साइडही चालत नाही, कारण त्यात सबस्ट्रेट आपोआपच तुटायला लागतो. तिथे पीएच १२चं ट्रिस बफर.

आणि वजन. ओलावा पंचवीस टक्के असलेली एक ग्रॅम माती म्हणजे कोरड्या वजनानं फक्त ०.८ ग्रॅम. ही दुरुस्ती केली नाही, तर एन्झाइम तेवढंच असूनही कोरड्या मातीचा आकडा पंचवीस टक्के जास्त दिसतो. हे लहान मुलालाही कळेल असं गणित आहे, पण या विषयावरचा कुठलाही तक्ता वाचताना मी आता सगळ्यात आधी 'प्रति ग्रॅम कोरडी माती' हे शब्द शोधते.

एवढे सगळे सोपस्कार करून जे आकडे आले, ते निवांत होते. माती वाळली, अगदी खडखडीत झाली, तरी फॉस्फेटेज फारसं हललं नाही. बीटा-ग्लुकोसायडेज वाळूसर मातीत थोडं उतरलं, चिकणमातीत जवळपास होतं तिथेच. सूक्ष्मजीव अर्धमेले, श्वसन मोजता येणार नाही इतकं मंद, आणि एन्झाइम शाबूत.

थोडा विचार केला तर यात नवल नाही. ही एन्झाइमं बहुतांशी पेशीबाहेर सोडलेली असतात. चिकणमातीच्या कणांना, ह्युमसला चिकटली की ती टिकाऊ होतात, आणि बनवणारी पेशी मेली तरी ती मागे राहतात. शिवाय मातीतल्या एन्झाइमचा साठा म्हणजे जमा वजा खर्च. कोरड पडली की नवं बनणं थांबतं, हे खरं. पण एन्झाइम हे शेवटी प्रथिनच, त्याला तोडणाऱ्या प्रोटिएजलाही त्याच्यापर्यंत पोचायला पाण्याचा पापुद्रा लागतो. तो तुटला की खर्चही थांबतो. दोन्ही बाजू गोठल्या की शिल्लक तीच राहते. चिकणमातीत ती जास्त नीट राहावी हेही त्याच्याशी जुळतं. 'दुष्काळात एन्झाइम सक्रियता घटत नाही' असे निष्कर्ष वाचून पूर्वी मी गोंधळायचे. आता त्यातला 'सक्रियता' शब्द खोडून 'साठा' वाचला की वाक्य समजतं.

डिहायड्रोजनेजची गोष्ट निराळी. ते जिवंत पेशीच्या आत, श्वसनाच्या साखळीत काम करतं; पेशी फुटली की बाहेर टिकून राहत नाही. मोजायची रीतही वेगळी: टीटीसी नावाचं रंगहीन क्षार-द्रावण मातीत घालायचं, जिवंत पेशी त्यावर इलेक्ट्रॉन टाकतात आणि त्याचं लाल फॉर्मॅझान होतं. चोवीस तास अंधारात, कारण उजेडानं टीटीसी बिघडतं; मग मेथॅनॉलनं लाल रंग काढून ४८५ नॅनोमीटरला वाचायचं. ओल्या मातीच्या ट्यूबमधून उतरणारा तो लाल रंग फार देखणा असतो, आणि कोरड्या मातीच्या ट्यूबमधून उतरतो तो नुसता गुलाबी छटेचा. इथे घट स्वच्छ दिसत होती.

पण पाणी कुठे मुरतंय हे एव्हाना मला माहीत झालं होतं. चोवीस तास! कोरडी माती, तिच्यावर टीटीसीचं द्रावण आणि वर पाणी, ३७ अंश, पूर्ण दिवस. यात टोल्युइनही नाही. म्हणजे ती ट्यूब कोरड्या मातीची राहतच नाही, तो भिजवण्याचा एक छोटा प्रयोगच होतो, त्यातही भरपूर पाण्याचा आणि उबदार. वाळलेल्या मातीतले सूक्ष्मजीव पाणी मिळाल्यावर काही तासांत जागे होतात. तेव्हा तो गुलाबी रंग 'कोरड्या मातीतलं डिहायड्रोजनेज' नसून 'कोरडी माती भिजल्यापासून चोवीस तासांत जे जे झालं त्याची बेरीज' असणार. आम्ही वेळ तोडून पाहिली: काही ट्यूब लवकर काढल्या, काही मध्ये, काही पूर्ण वेळ ठेवल्या. ओल्या मातीत रंग वेळेच्या प्रमाणात सरळ रेषेत चढत गेला. कोरड्या मातीत सुरुवातीला रेषा जमिनीलाच चिकटून, आणि नंतर वळून वर. पुस्तकातल्या एका आकड्याच्या पोटात अशी एक अख्खी गोष्ट दडलेली होती.

मग भिजवणं. हे मी पिपेटनं करायचे, बरणीच्या तोंडातून थेंब थेंब, सगळीकडे सारखं पसरेल असं, आणि ढवळायचं नाही. वाळूसर मातीवर पहिले काही थेंब मोत्यासारखे वर तरंगून राहायचे. वाळलेला सेंद्रिय पदार्थ पाण्याला सुरुवातीला झिडकारतो. चिकणमातीचं उलटं. तिच्या एका लहानशा ढेकळावर थेंब सोडून भिंगाखाली पाहिलं होतं. पाणी चहूबाजूंनी आत शिरतं, आत अडकलेली हवा कोंडते, आणि ढेकळाच्या अंगातून बारीक बुडबुडा फुटून बाहेर येतो. त्या जागी एक पापुद्रा सुटतो. मग दुसरा बुडबुडा, दुसरा पापुद्रा. बघता बघता कडा ढासळतात आणि ढेकळाचा ढीग होतो. आतापर्यंत आत बंदिस्त असलेला, एन्झाइमांच्या हाताला न लागलेला सेंद्रिय पदार्थ असा उघडा पडतो. पहिल्या पावसाचा म्हणून सगळे ज्याचं कौतुक करतात तो वासही झाकण उघडल्याबरोबर यायचा. तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिसवर्गीय जिवाणूंनी बनवून ठेवलेल्या जिओस्मिनचा. त्यावरून आत्ता या क्षणी कोण जागं झालंय हे कळत नाही.

कार्बन डायऑक्साइड मोजायला आम्ही जुनीच रीत वापरली. बंद बरणीत मातीशेजारी सोडियम हायड्रॉक्साइडची छोटी बाटली, बाहेर पडणारा वायू ते शोषून घेतं. ठरल्या वेळी बाटली काढायची, बेरियम क्लोराइड घालायचं म्हणजे शोषलेला कार्बोनेट पांढऱ्या साक्याच्या रूपात बाजूला होतो, आणि उरलेल्या अल्कलीचं फिनॉल्फथॅलीन घालून हायड्रोक्लोरिक आम्लानं टायट्रेशन. गुलाबी रंग गेला की थांबायचं. जितकं आम्ल कमी लागलं तितका वायू जास्त. एक मिलीइक्विव्हॅलंट (एक नॉर्मल आम्लाच्या एका मिलीएवढा) फरक म्हणजे २२ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच ६ मिलिग्रॅम कार्बन. माती नसलेली रिकामी बरणीही सोबत ठेवावी लागते, कारण अल्कली हवेतलाही वायू शोषते. भिजवल्यानंतरच्या पहिल्या काही तासांच्या बाटल्यांना कायम ओल्या मातीच्या बाटल्यांपेक्षा इतकं कमी आम्ल लागायचं की ब्युरेट उघडली-न उघडली तोच रंग उडायचा. लोंढा दुसऱ्या दिवशी ओसरायला लागला आणि आठवड्याच्या आत कंट्रोलच्या पातळीला आला.

त्याच वेळांना काढलेल्या मातीतलं फॉस्फेटेज आणि बीटा-ग्लुकोसायडेज? आलेख जवळजवळ आडवा. श्वसन अनेक पटींनी उसळलेलं असताना एन्झाइमचा साठा ढिम्म. दोन्ही रेषा एकाच कागदावर काढल्या तेव्हा शेजारच्या टेबलवरचा सीनियर म्हणाला, "एक तर तुझं टायट्रेशन चुकलंय नाहीतर एन्झाइम." दोन्ही बरोबर होतं, ताडून पाहिलं होतं.

कारण पहिल्या तासांतल्या लोंढ्याला नवीन एन्झाइमची गरजच नसते. एक तर पेशींनी कोरड्या दिवसांत साठवलेले ते प्रोलीन, ट्रेहॅलोजसारखे रेणू: बाहेर एकदम पाणी आल्यावर ते आत ठेवणं जिवावर बेततं, पाणी आत घुसून पेशी फुटते. म्हणून ते बाहेर टाकले जातात किंवा तिथल्या तिथे जाळले जातात. हे इतके लहान रेणू आहेत की ते गिळायला बाहेरच्या एन्झाइमनं आधी तोडावे लागत नाहीत. ज्या पेशी फुटल्या त्यांचा माल इतरांना मिळतो. शिवाय ढेकळांतून उघडा पडलेला पदार्थ, आणि त्याच्या शेजारीच आधीपासून पडून असलेलं एन्झाइम; मधला पाण्याचा पूल तेवढा नव्हता, तो जोडला गेला. साठा तोच, पण आता त्याला काम मिळालं. हा फरक माझ्या ट्यूबमध्ये दिसणं शक्यच नव्हतं, कारण ट्यूबमध्ये पूल नेहमी जोडलेलाच असतो. यातला किती वाटा कोणाचा हे नुसत्या श्वसनावरून सांगता येत नाही, आणि मातीगणिक तो बदलत असणार असा माझा कयास आहे.

नवीन एन्झाइम येतं ते वाढीबरोबर, आणि वाढ लोंढ्याच्या मागून येते. चार दिवस वाळवलेली आणि वर्षभर वाळवलेली माती भिजवून तुलना करणारा २०१३ मधला एक अभ्यास या बाबतीत फार उपयोगी पडला. थोडे दिवस वाळलेल्या मातीत जिवाणूंची वाढ लगेच, सरळ रेषेत सुरू होते. वर्षभर वाळलेल्या मातीत बरेच तास काहीच वाढत नाही, आणि मग एकदम भराभर. श्वसन मात्र दोन्हींत तत्काळ. माझ्या बरण्यांत पंख्याखाली झटकन वाळवलेली वाळूसर माती या दुसऱ्या वाटेनं गेल्यासारखी दिसली. तिच्यात अल्क फॉस्फेटेजही उशिरा, लोंढा उतरणीला लागल्यावर हळूहळू चढलं. डेसिकेटरमध्ये सावकाश वाळलेल्या मातीत हा उशीर कमी होता.

क्षमता सोडून 'प्रत्यक्ष' सक्रियता मोजता येईल का, याचाही एक प्रयत्न केला. बफरची आंघोळ घालण्याऐवजी, माती भिजवायला जेवढं पाणी लागतं तेवढ्याच पाण्यात सबस्ट्रेट विरघळवून ते मातीवर सोडायचं, तासभर ठेवायचं आणि मग पिवळा रंग काढून मोजायचा. आकडा स्लरीच्या, म्हणजे बफरमध्ये कालवलेल्या मातीच्या, आकड्याच्या कितीतरी खाली आला. सबस्ट्रेट सगळीकडे सारखा पोचत नाही, पॅरा-नायट्रोफिनॉल काही प्रमाणात मातीला चिकटून बसतं, दोन ट्यूबमधला फरकही मोठा. प्रबंधात घालण्याजोगं ते काम नव्हतं. पण दिशा कळली: जी एन्झाइमं स्लरीत दिसतात त्यांतली बरीचशी साध्या ओल्या मातीतही बेकारच असतात. झायमोग्राफी नावाच्या दुसऱ्या एका पद्धतीत सबस्ट्रेट लावलेला पडदा मातीवर ठेवतात आणि अतिनील प्रकाशात जिथे चमकेल तिथे एन्झाइम, असं पाहतात. मुळांभोवतीचा नकाशा काढायला ती सुंदर आहे, पण तीही पाण्याच्या संपर्कावरच चालते. खडखडीत मातीवर पडदा ठेवून काही दिसत नाही.

चक्रं पुन्हा पुन्हा दिल्यावर लोंढा दर वेळी लहान होत गेला. हे अपेक्षितच होतं, सहज मिळणारा माल पहिल्या फेऱ्यांत जळून जातो आणि जे सूक्ष्मजीव उरतात ते असल्या धक्क्यांना सरावलेले असतात. एन्झाइमांत मात्र दोन माती वेगळ्या वागल्या. वाळूसर मातीत प्रत्येक भिजण्यानंतर काही दिवसांनी बीटा-ग्लुकोसायडेज थोडं थोडं खाली गेलं. पाणी आल्यावर प्रोटिएजही जागी होतात आणि आसऱ्याला चिकणमाती नाही, म्हणजे जुनं एन्झाइम खाऊन टाकलं जात असावं. चिकणमातीत ही घसरण जेमतेम होती.

आणि मॅडमनी भांडून ठेवायला लावलेला तो सरासरी ओलाव्याचा गट. कायम ओल्या मातीशी तुलना केली की चक्रातली माती एन्झाइमांत सगळीकडे कमी दिसत होती. सरासरी ओलाव्याच्या गटाशी तुलना केली तर चिकणमातीतला फरक जवळपास नाहीसा झाला, वाळूसर मातीत तेवढा उरला. म्हणजे चिकणमातीत मी ज्याला चक्राचा परिणाम म्हणणार होते तो कमी पाण्याचाच होता. प्रबंधातल्या तक्त्यात आता दोन्ही तुलना शेजारीशेजारी आहेत, आणि एक जादा रकाना आहे: तपासणीच्या वेळी एक ग्रॅम मातीला किती द्रव दिला. बाह्य परीक्षकांनी तो रकाना कशासाठी असं विचारलं. त्या उत्तरातच तोंडी परीक्षेचा निम्मा वेळ गेला.